रेड केलं आणि संगणक बूटच होईना: कुठे अडलंय ते शोधायची रीत

दोन सारख्या हार्ड डिस्क आणल्या, बायोसमध्ये (मदरबोर्डच्या सेटिंगच्या पानांवर) जाऊन रेड (एकाहून जास्त डिस्क एकत्र बांधून एकच असल्यासारख्या वापरायची सोय) चालू केलं, मशीन परत सुरू केलं आणि काळ्या पडद्याच्या डाव्या कोपऱ्यात एक आडवी रेघ लुकलुकत राहिली. अशा वेळी बहुतेक जण डिस्क बदलून आणायला दुकान गाठतात, नाहीतर ॲरे, म्हणजे रेडने बांधलेली डिस्कची जोडी, पुसून नव्याने बनवायला घेतात. दोन्हींची घाई नको. संगणक चालू होताना तोच ॲरे तिघांना ओळखता यावा लागतो. आधी मदरबोर्डच्या बायोसला, मग बूटलोडरला (विंडोज किंवा लिनक्स उठवणाऱ्या छोट्या प्रोग्रामला) आणि शेवटी विंडोजला किंवा लिनक्सला. तिघांपैकी एकाला तो दिसला नाही की गाडं तिथंच अडतं. डिस्क बिचाऱ्या बहुतेक वेळा ठणठणीत असतात. कोण अडलंय ते ओळखायचं आणि तेवढंच दुरुस्त करायचं, अशी पुढची सगळी मांडणी आहे.

खाली आज्ञा उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिल्या आहेत. टाइप करताना त्या इंग्रजी छोट्या अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत करा.

१. आधी ठरवा: विंडोज रेडवर हवंच आहे का?

घरच्या मशीनसाठी सरळ सल्ला असा: विंडोज किंवा लिनक्स एका साध्या एसएसडीवर ठेवा आणि फोटो, व्हिडिओ, हिशेब अशा डेटासाठी दोन मोठ्या डिस्कचं रेड १ करा. त्याला मिररही म्हणतात, दोन्ही डिस्कवर तीच नक्कल. असं केलं की या लेखातल्या निम्म्याहून जास्त भानगडी उद्भवतच नाहीत, कारण बूटचा आणि ॲरेचा संबंध तुटतो. एसएसडी गेली तर विंडोज पुन्हा टाकायला एक दुपार जाते, डेटा मात्र जागेवर राहतो.

रेड ० वर विंडोज टाकायचा मोह अनेकांना होतो, वेग दुप्पट मिळेल म्हणून. त्यात डेटाचे तुकडे दोन्ही डिस्कवर वाटलेले असतात आणि एक डिस्क गेली की सगळंच जातं. आजच्या वेगवान एनव्हीएमई एसएसडीच्या काळात घरी हा सौदा परवडत नाही.

आणखी एक. रेड हा बॅकअप नव्हे. चवथीचे फोटो चुकून डिलीट केलेत तर मिरर ते दोन्ही डिस्कवरून तितक्याच तत्परतेने पुसतो.

२. हाताशी काय हवं

- दोन पेन ड्राइव्ह, किमान ८ जीबीचे. एकावर विंडोजचा किंवा लिनक्सचा इन्स्टॉलर, दुसऱ्यावर रेडचे ड्रायव्हर.
- मदरबोर्डचं मॅन्युअल. खोका टाकून दिला असेल तर कंपनीच्या संकेतस्थळावरून मॉडेल आणि रिव्हिजन नंबर बघून उतरवा. तो नंबर बोर्डावरच छापलेला असतो.
- बिटलॉकरची (डिस्क कुलूपबंद करणाऱ्या विंडोजच्या एन्क्रिप्शनची) ४८ अंकी रिकव्हरी की, कागदावर लिहिलेली. मायक्रोसॉफ्ट खात्याने सुरू केलेल्या विंडोज ११ मध्ये एन्क्रिप्शन तुमच्या नकळत चालू असू शकतं.
- विंडोजच्या खात्याचा पासवर्ड. नुसता पिन पुरत नाही, का ते पुढे येईल.
- बायोसच्या प्रत्येक पानाचा मोबाइलवर काढलेला फोटो, काहीही बदलण्याआधीचा.
- प्रत्येक डिस्कचा सीरियल नंबर आणि ती कुठल्या सॅटा पोर्टला (बोर्डावर डिस्कची केबल लावायच्या खाचेला) लावली आहे याची नोंद.
- एक-दोन जादा सॅटा केबली आणि सीआर२०३२ नाण्यासारखी बॅटरी. तिला काय काम, ते सहाव्या पायरीत.
- बाहेरच्या डिस्कवर डेटाची नक्कल. ही नसेल तर इथंच थांबा आणि आधी ती करा.

३. वीज, केबल, पोर्ट

गोव्यात ही पायरी इतर ठिकाणांपेक्षा जास्त महत्त्वाची आहे. जून ते सप्टेंबर हवा ओली असते आणि मिरामार, कळंगुट, कोलव्यासारख्या किनाऱ्यालगतच्या घरांत तिच्यात मीठही असतं. सॅटा केबलचं टोक काढून उजेडात धरा. आतल्या पट्ट्या सोनेरी, चकचकीत दिसायला हव्यात. काळपट डाग किंवा हिरवट पूड दिसली तर केबल फेकून द्या, घासत बसू नका. डिस्कच्या आणि रॅमच्या कडेच्या पट्ट्या मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या मऊ कापडाने हलक्या हाताने पुसता येतात. आधी प्लग काढा आणि पुसल्यावर पूर्ण वाळू द्या. खोडरबराने घासायची जुनी पद्धत सोडा, तिने सोन्याचा थर जातो.

मग बायोसमध्ये जा. बहुतेक बोर्डांवर चालू होतानाच डिलीट किंवा एफ२ दाबत राहावं लागतं. स्टोरेजच्या पानावर लावलेल्या सगळ्या डिस्क दिसतात का, ते मोजा. एखादी दिसत नसेल तर रेडचा विचार बाजूला ठेवा, आधी ती दिसायला हवी. केबल बदला, पोर्ट बदला, पॉवरचा दुसरा कनेक्टर लावा.

पोर्टच्या बाबतीत दोन सापळे आहेत. अनेक बोर्डांवर एम.२ खाचेत एसएसडी बसवली की ठरावीक एक-दोन सॅटा पोर्ट आपोआप बंद पडतात, कारण दोघांची वाट एकच असते. कुठले, ते मॅन्युअलमध्ये बारीक अक्षरातल्या तक्त्यात असतं. दुसरा सापळा: काही बोर्डांवर चारसहा पोर्ट चिपसेटचे (बोर्डाच्या मुख्य चिपचे) आणि दोन वेगळ्या कंट्रोलरचे असतात. चिपसेटचं रेड दुसऱ्या कंट्रोलरच्या पोर्टवरच्या डिस्कला धरत नाही. दोन्ही डिस्क एकाच घरच्या हव्यात.

यूपीएस नसेल तर ॲरे बनवायला पावसाळी रात्र निवडू नका. घरगुती ६०० व्हीएचा यूपीएस मशीनला काही मिनिटं तग धरायला देतो, ती फाइली जतन करून मशीन नीट बंद करायला पुरतात. तासन्‌तास चालणारं काम त्यावर रेटता येणार नाही.

४. पडदा वाचा

कुठे थांबलं त्यावरून कोण अडलंय ते कळतं. मजकुराचा फोटो काढून ठेवा, कारण तो क्षणात जातो.

‘रिबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस’ असा मजकूर येतो, किंवा मशीन दर वेळी स्वतःहून बायोसमध्येच शिरतं: बायोसला बूटलोडर सापडलेला नाही. पाचवी आणि आठवी पायरी बघा.

विंडोजची ठिपक्यांची चकली फिरते आणि मग निळा पडदा येतो, त्यावर ‘इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस’: बूटलोडर सापडला, विंडोजही उठलं, पण डिस्कपर्यंत पोचायचा ड्रायव्हर त्याच्याकडे नाही. सहावी पायरी. हे दोन-तीनदा झालं की विंडोज ‘ऑटोमॅटिक रिपेअर’च्या फेऱ्यात अडकतं. ती दुरुस्ती कितीही वेळा चालवा, ड्रायव्हर आणून देत नाही.

इन्स्टॉलर चालतो पण डिस्कची यादी रिकामी: हाही ड्रायव्हरच. सातवी पायरी.

‘ग्रब रेस्क्यू’ किंवा कंसातला ‘इनिट्रॅमएफएस’ असा प्रॉम्प्ट, किंवा ‘इमर्जन्सी मोड’: लिनक्सचा मामला, नववी पायरी.

५. बायोसमधली चार बटणं

*सॅटा मोड.* यात एएचसीआय (प्रत्येक डिस्क सुटी दाखवणारा साधा मोड) आणि रेड असे पर्याय असतात, जुन्या बोर्डांवर आयडीईसुद्धा. मदरबोर्डचं रेड वापरायचं असेल तर रेड. विंडोजचं किंवा लिनक्सचं स्वतःचं सॉफ्टवेअर रेड वापरायचं असेल तर एएचसीआय. दोन्ही एकदम वापरू नका. पुढे एखादी डिस्क गेल्यावर नक्की कोणाचा ॲरे दुरुस्त करायचा हेच कळत नाही.

*व्हीएमडी.* इंटेलच्या ११व्या पिढीपासून पुढच्या बऱ्याच मशीनवर हे वेगळं बटण असतं आणि एनव्हीएमईचं रेड त्याच्यामागे लपलेलं असतं. लॅपटॉपवर ते अनेकदा आधीपासून चालूच येतं, मग रेड नको असलेल्या माणसालाही इन्स्टॉलरमध्ये डिस्क दिसत नाही. रेड करायचं नसेल आणि विंडोज नव्यानेच टाकायचं असेल तर हे बंद करा. आधीच विंडोज असलेल्या मशीनवर मात्र ते असं झटक्यात बंद केलंत तर तोच निळा पडदा.

*सीएसएम,* म्हणजे जुन्या पद्धतीचं बूट. हे बंद ठेवा. चालू असेल तर यूईएफआयमधलं (नव्या पद्धतीच्या बायोसमधलं) रेडचं पान काही बोर्डांवर दिसतच नाही, आणि एएमडीवर एनव्हीएमईचं रेड करायला ते बंदच लागतं. शिवाय जुन्या पद्धतीत डिस्कची विभागणी एमबीआर या जुन्या तऱ्हेने होते आणि एमबीआरला २ टीबीच्या पलीकडचं दिसत नाही. ४ टीबीचा मिरर करून ‘अर्धी डिस्क कुठे गेली’ असं विचारणाऱ्यांचं कोडं इथं सुटतं.

*सिक्युअर बूट,* म्हणजे सही असलेलाच प्रोग्राम बूट होऊ देणारी तपासणी. विंडोजला याची अडचण नसते. लिनक्समध्ये बाहेरून आणलेला ड्रायव्हर लागत असेल तर तेवढ्यापुरतं बंद करा.

सगळं बदलल्यावर एफ१० दाबून जतन करा, परत बायोसमध्ये येऊन ॲरे बनवा. इथं सर्वांत महागडी चूक होते: बायोसमधून ॲरे बनवला की त्यातल्या दोन्ही डिस्क कोऱ्या होतात. ‘आधी एका डिस्कवर डेटा आहे, दुसरी जोडून मिरर करू’ हे बायोसच्या पानावरून होत नाही. इंटेलच्या बोर्डांवर विंडोजमधल्या त्यांच्या रॅपिड स्टोरेज सॉफ्टवेअरमध्ये डेटा राखून मिरर करायचा पर्याय मिळतो, तो वापरा. तोही बॅकअप हाताशी असेल तरच.

६. विंडोज आधीपासून आहे आणि मोड बदलायचा आहे

सर्वाधिक मशीनं इथंच अडकतात. विंडोज बसवताना एएचसीआय होतं म्हणून चालू होतानाच्या ड्रायव्हरमध्ये तेवढाच जागा ठेवलेला असतो, बाकीचे झोपलेले. तुम्ही बायोसमध्ये रेड केलंत की डिस्ककडे जायचं दार बदलतं आणि विंडोजच्या हातात जुनीच किल्ली. सेफ मोडमध्ये विंडोज सगळ्या दारांच्या किल्ल्या लावून बघतं, म्हणून ही युक्ती चालते:

१. बिटलॉकर चालू असेल तर ते ‘सस्पेंड’ करा. न केल्यास पुढच्या सुरुवातीला ४८ अंक मागितले जातील.
२. विंडोज आणि आर दाबून ‘एमएसकॉन्फिग’ चालवा. ‘बूट’ टॅबमध्ये ‘सेफ बूट’ आणि त्याखाली ‘मिनिमल’ निवडा. रिस्टार्ट करा.
३. रिस्टार्ट होताना थेट बायोसमध्ये शिरा. मध्ये एकदाही विंडोज उठू देऊ नका. सॅटा मोड रेड करा, एफ१०.
४. विंडोज सेफ मोडमध्ये येईल. इथं पिन कधी कधी चालत नाही, म्हणून पासवर्ड. डेस्कटॉप आल्यावर दोन मिनिटं थांबा.
५. परत एमएसकॉन्फिगमध्ये जाऊन ‘सेफ बूट’ची खूण काढा आणि रिस्टार्ट करा.

विंडोजच्या पोटात त्या कंट्रोलरचा ड्रायव्हरच नसेल तर सेफ मोडही निळाच होतो. एएमडीच्या रेडवर बहुधा हाच अनुभव येतो. घाबरू नका, मोड परत एएचसीआय केला की मशीन सेफ मोडमध्ये उठतं, मग ‘सेफ बूट’ची खूण काढा. अशा बोर्डावर रेडवरच विंडोज हवं असेल तर ते नव्याने टाकणं कमी त्रासाचं.

आता ती नाण्यासारखी बॅटरी. वर्षानुवर्षं नीट चाललेलं रेडचं मशीन एखाद्या सकाळी, रात्रभर वीज गेल्यानंतर, अचानक बूट होत नाही. घड्याळ भलतीच जुनी तारीख दाखवतं. कारण साधं आहे: बोर्डावरची सीआर२०३२ संपली, बायोस मूळ सेटिंगवर गेलं आणि सॅटा मोड परत एएचसीआय झाला. मल्टिमीटरवर नवी बॅटरी ३ व्होल्टच्या आसपास दाखवते. २.८ च्या खाली गेलेली बदला, मोड परत रेड करा, काम झालं.

पण त्याआधी एक प्रश्न स्वतःला विचारा: एएचसीआय झाल्यावर मशीन एकदा तरी विंडोजपर्यंत गेलं होतं का? मिररमधली एक डिस्क एकटीसुद्धा बूट होऊ शकते. तसं झालं असेल तर त्या डिस्कवर नव्या नोंदी झाल्या आणि दुसरी मागे राहिली. कंट्रोलरला यातलं काहीच माहीत नाही, त्याच्या लेखी दोघी जुळ्याच. सरळ रेड चालू केलंत तर तो थोडं इथून थोडं तिथून वाचतो आणि फाइलींची खिचडी होते. अशा वेळी मशीन बंद करा, कुठली डिस्क ताजी ते ठरवा, दुसरीची केबल काढा आणि मग रेड मोडमध्ये एकाच डिस्कवर चालू करा. ॲरे ‘डिग्रेडेड’ दिसेल, दिसू द्या. मागे राहिलेली डिस्क दुसऱ्या मशीनवर पुसून कोरी करा आणि नवी म्हणून जोडा.

७. इन्स्टॉलरला डिस्क दिसत नाहीत

ड्रायव्हर बोर्डच्या किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या संकेतस्थळावरून घ्या. पेन ड्राइव्हवर मोठी सेटअप फाइल तशीच टाकून उपयोग नाही. इन्स्टॉलरला आतल्या सुट्या आयएनएफ फाइली लागतात, म्हणून ती आधी उलगडून फोल्डर करून टाका. मग डिस्क निवडायच्या पानावर ‘लोड ड्रायव्हर’, ‘ब्राउझ’, फोल्डर निवडा.

इंटेलला सहसा एक ड्रायव्हर पुरतो, व्हीएमडीच्या मशीनवर व्हीएमडीचा. एएमडीला तीन लागतात आणि क्रम पाळावा लागतो: आधी आरसी-बॉटम, मग आरसी-रेड, शेवटी आरसी-कॉन्फिग. पहिला लोड झाल्यावर यादीत काहीच बदल दिसत नाही म्हणून लोक ‘ड्रायव्हर चुकीचा’ समजून सोडून देतात. दुसरा लोड होईपर्यंत थांबा.

यादीत दोन डिस्क वेगवेगळ्या दिसत असतील तर पुढे जाऊ नका. ॲरे बरोबर ओळखला गेला असेल तर मिरर एकच डिस्क म्हणून दिसतो, एका डिस्कच्या मापाचा.

विंडोज टाकताना बाकीच्या सगळ्या डिस्कच्या केबली काढून ठेवा. विंडोजला आपलं १०० एमबीचं बूटचं पार्टिशन भलत्याच डिस्कवर ठेवायची खोड आहे. सहा महिन्यांनी ती जुनी डिस्क काढून भावाला दिलीत की मशीन बूट होत नाही, आणि रेड उगाच बदनाम होतं.

८. विंडोज बसलं, पण रिस्टार्टनंतर बूट डिव्हाइस सापडत नाही

आधी बायोसमधला बूटक्रम बघा. ‘विंडोज बूट मॅनेजर’ अशी नोंद सर्वांत वर हवी, डिस्कच्या मॉडेलचं नाव नव्हे. पेन ड्राइव्ह काढलाय ना, तेही बघा.

नोंदच नसेल तर बूटलोडर परत लिहावा लागेल. इन्स्टॉलरचा पेन ड्राइव्ह यूईएफआय नोंदीतून बूट करा, शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. ॲरे दिसण्यासाठी सातव्या पायरीतला ड्रायव्हर इथंही आधी लोड करावा लागू शकतो. मग:

१. ‘डिस्कपार्ट’, त्यात ‘लिस्ट व्हॉल्यूम’. सुमारे १०० एमबीचं, एफएटी३२ असलेलं पार्टिशन शोधा.
२. ‘सिलेक्ट व्हॉल्यूम’ आणि त्याचा क्रमांक, मग ‘असाइन लेटर=एस’, मग ‘एक्झिट’.
३. विंडोज कुठल्या अक्षरावर आहे ते ‘डिर सी:’ करून तपासा. या खिडकीत सी आणि डी यांची अनेकदा अदलाबदल झालेली असते, आणि आंधळेपणाने सी लिहिणाऱ्याची आज्ञा फुकट जाते.
४. ‘बीसीडीबूट सी:\विंडोज /एस एस: /एफ यूईएफआय’. सी च्या जागी तुम्हाला सापडलेलं अक्षर.

विंडोजच्या स्वतःच्या ‘स्टोरेज स्पेसेस’वर विंडोज बसवायचा हट्ट धरू नका, ती सोय डेटासाठीच वापरायची. डायनॅमिक डिस्कचा (विंडोजचीच आणखी एक जुनी सोय) मिरर प्रो आवृत्तीत करता येतो, पण त्यात बूटचं छोटं पार्टिशन आपोआप दुसऱ्या डिस्कवर जात नाही. पहिली डिस्क गेली की डेटा शाबूत आणि मशीन ठप्प.

९. लिनक्सवाल्यांसाठी

लिनक्समध्ये एमडीएडीएम या आज्ञेने बनवलेलं सॉफ्टवेअर रेड मदरबोर्डच्या रेडपेक्षा घरी जास्त सोयीचं. बोर्ड जळला तरी डिस्क दुसऱ्या कुठल्याही मशीनला लावून ॲरे उभा राहतो. विजा कडाडणाऱ्या मुलखात ही लहान गोष्ट नाही.

अडचण बूटच्या पार्टिशनची. बायोसला एमडीएडीएम कळत नाही, त्याला साधं एफएटी३२ वाचता येतं. म्हणून प्रत्येक डिस्कवर ५१२ एमबीचं वेगळं ईएफआय पार्टिशन ठेवा, ते ॲरेत घालू नका, आणि दोन्हींवर बूटलोडर ठेवा. घालायचंच असेल तर मेटाडेटा (ॲरेची डिस्कवरची ओळखखूण) १.० वापरा. त्याची खूण पार्टिशनच्या शेवटी असते, त्यामुळे बायोसला ते साधंच दिसतं. नेहमीचं १.२ सुरुवातीपासून ४ केबीवर खूण ठेवतं आणि बायोस गोंधळतो. जुन्या पद्धतीचं बूट आणि जीपीटी (नव्या तऱ्हेची विभागणी असलेली) डिस्क अशी जोडी असेल तर ग्रबला (लिनक्सच्या बूटलोडरला) १ एमबीचं बायोस-बूट पार्टिशन लागतं, आणि ग्रब दोन्ही डिस्कवर वेगवेगळा टाकावा लागतो. फक्त पहिलीवर टाकून निश्चिंत होणारे पुष्कळ.

‘इनिट्रॅमएफएस’च्या प्रॉम्प्टवर अडलात तर आधी ‘कॅट /प्रॉक/एमडीस्टॅट’. चौकटी कंसात दोन ‘यू’ म्हणजे दोन्ही डिस्क हजर. एक ‘यू’ आणि एक अंडरस्कोर (_) म्हणजे एक गैरहजर. काहीच नसेल तर ‘एमडीएडीएम --असेंबल --स्कॅन’ आणि मग ‘एक्झिट’. त्याने मशीन उठलं तर ॲरे ठीक आहे, फक्त इनिट्रॅमएफएसला, म्हणजे सुरुवातीला मेमरीत चढणाऱ्या छोट्या लिनक्सला, त्याची माहिती नाही. उठल्यावर रूट म्हणून ‘एमडीएडीएम --डिटेल --स्कॅन’चा निकाल एमडीएडीएमच्या कॉन्फ फाइलमध्ये जोडा आणि डेबियन-उबुंटूवर ‘अपडेट-इनिट्रॅमएफएस -यू’, फेडोरावर ‘ड्रॅकट --फोर्स’ चालवा. ॲरेचं नाव एमडी० ऐवजी एमडी१२७ झालेलं दिसलं तर तेही याच नोंदीच्या अभावी. एफएसटॅबमध्ये (कुठलं पार्टिशन कुठे जोडायचं त्याच्या यादीत) म्हणूनच नावाऐवजी यूयूआयडी, म्हणजे न बदलणारा ओळखक्रमांक, लिहावा.

दीड मिनिट थांबून ‘इमर्जन्सी मोड’ येत असेल तर एफएसटॅबमधला डेटाचा ॲरे सापडत नाहीये. त्या ओळीत ‘नोफेल’ घाला. निदान मशीन तरी उठेल, मग निवांत दुरुस्त करा.

आधी दुसरीकडे वापरलेली डिस्क आणली असेल तर तिच्या पोटात जुन्या रेडची खूण असू शकते आणि इन्स्टॉलर तिला भलत्याच ॲरेची सदस्य समजतो. ‘वाइपएफएस -ए’ आणि डिस्कचं नाव दिलं की खुणा जातात. नाव दोनदा तपासा, ही आज्ञा परत विचारत नाही.

१०. मुद्दाम एक डिस्क काढून बघा

सगळं चालू झालं की महत्त्वाचा डेटा भरण्याआधी हे करा. मशीन बंद, प्लग काढा, पहिल्या डिस्कची सॅटा केबल काढा, चालू करा. बूट झालं? बंद करा, ती परत लावा, ॲरे पूर्ववत होऊ द्या, मग दुसरीची पाळी. एका बाजूने बूट होत नसेल तर त्या डिस्कवर बूटलोडर नाही, हे आजच कळलं.

पूर्ववत व्हायला किती वेळ? ४ टीबीची डिस्क सरासरी १५० एमबी प्रति सेकंद धरली तर साधारण साडेसात तास, तेही मशीनवर दुसरं काम नसेल तर.

११. डिस्क खरोखर गेली तर काय दाबायचं नाही

विंडोज ‘इनिशियलाइझ डिस्क’ विचारतं, तिथं कॅन्सल. मोड चुकून एएचसीआय झाला असेल तर तुमच्या चांगल्या ॲरेबद्दलही हा प्रश्न येऊ शकतो. बायोसमध्ये ‘रिसेट टू नॉन-रेड’ आणि ‘डिलीट ॲरे’ यांपासून लांब राहा. अर्धवट दिसणाऱ्या ॲरेवर चेकडिस्क चालवू नका, ते चुकीच्या बाजूला खरं मानून दुरुस्ती करतं.

नवी डिस्क घेताना तिची क्षमता जुनीइतकी किंवा जास्त हवी, आणि एकच गोष्ट दुकानदाराला नक्की विचारा: सीएमआर (डेटाचे पट्टे शेजारी शेजारी) आहे की एसएमआर (पट्टे एकमेकांवर चढलेले)? एसएमआर डिस्क लांबलचक लिखाणात इतकी मंदावते की कंट्रोलर तिला मेलेली समजून बाहेर काढतो. म्हापसा असो वा मडगाव, काउंटरवर उत्तर मिळालं नाही तर मॉडेल नंबर घेऊन कंपनीच्या माहितीपत्रकात बघा.

साध्या डेस्कटॉप डिस्कची आणखी एक खोड. खराब जागा भेटली की ती मिनिटभरही वाचायचा प्रयत्न करत बसते, लिनक्स मात्र ३० सेकंदांत धीर सोडतं आणि डिस्क बाद ठरते. नॅससाठीच्या (नेटवर्कवरच्या साठवणपेटीसाठीच्या) डिस्क साधारण ७ सेकंदांत हार मानतात, ती जागा मग दुसऱ्या डिस्कवरून भरली जाते. ‘स्मार्टसीटीएल -एल एससीटीईआरसी,७०,७०’ आणि पुढे डिस्कचं नाव दिलं की, डिस्कला ते जमत असेल तर, तिलाही ७ सेकंदांवर आणता येतं. वीज गेल्यावर हे बहुधा पुसलं जातं, म्हणून दर सुरुवातीला चालेल अशी सोय करा.

१२. दुकानात न्यायची वेळ आली तर

दोन्ही डिस्क एकाच वेळी दिसेनाशा झाल्या, किंवा एखादी टकटक आवाज करू लागली, तर मशीन पुन्हा पुन्हा चालू करून बघू नका. डिस्क त्यांच्या बोर्डासकट न्या. चिपसेटचं रेड दुसऱ्या कंपनीच्या चिपसेटवर बहुधा उघडत नाही. देताना लेखी द्या: रेडचा प्रकार, कुठली डिस्क कुठल्या पोर्टला होती, सीरियल नंबर, आणि ‘विचारल्याशिवाय फॉरमॅट करू नये’. अनेक दुकानांत मशीन आलं की विंडोज नव्याने टाकून देणं हीच दुरुस्ती मानली जाते.

ही नोंद कॅबिनेटच्या आतल्या बाजूला चिकटवून ठेवायची असेल तर पेन्सिलीने लिहा. पावसाळ्यात शाई पसरते.